मिताके डोंगरावरचा लांडगा

आमच्या घरात दिवस मावळल्यावर लांडग्याचं नाव घेत नाहीत. "त्यो" म्हणायचं, नाहीतर नुसतं "जनावर". माण तालुक्यातलं गाव, धनगराचं घर. आबांच्या, म्हणजे आजोबांच्या वेळेस दोनशेच्या वर मेंढरं होती, आप्पांनी, म्हणजे वडिलांनी ती साठांवर आणली, आणि मी तर थेट तोक्योत येऊन कॉम्प्युटरपुढे बसले. चार वर्षं झाली. पण अजूनही रात्री घरी फोन लावला आणि मेंढरांचा विषय निघाला की माझ्या तोंडात "त्यो"च येतं.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात सेनपाईच्या आईच्या घरी जे पाहिलं ते डोक्यातून जाईना. सेनपाई म्हणजे ऑफिसातली माझी वरिष्ठ. कामाचं सगळं तिनेच शिकवलं, म्हणून मी तिला नावाने हाक न मारता सेनपाईच म्हणते. तिचं माहेर तोक्योच्या पश्चिम टोकाला, ओमे शहरात. तिथे स्वयंपाकघराच्या दारावर एक लांबट कागद चिकटवलेला होता, धुराने पिवळा पडलेला. त्यावर काळ्या शाईत छापलेलं एक बसलेलं जनावर. मी म्हटलं, हा कुत्रा कुणाचा? सेनपाईची आई म्हणाली, ओइनु-सामा, म्हणजे कुत्रेमहाराज. आणि मग सेनपाई हळूच म्हणाली, "म्हणतात कुत्रा, पण आहे तो ओओकामी." लांडगा. चोर येऊ नये, आग लागू नये म्हणून दाराला लावलेला लांडगा!

त्यांचं घराणं मूळचं शेतकऱ्यांचं. पूर्वी वाडीतली माणसं मिळून एक 'को' चालवायची. को म्हणजे आपल्या भिशीसारखंच: सगळ्यांनी थोडे थोडे पैसे काढायचे, दरवर्षी चिठ्ठ्या टाकून दोघातिघांना मिताके डोंगरावरच्या देवळात पाठवायचं, आणि त्यांनी अख्ख्या वाडीसाठी असे कागद घेऊन यायचं. सेनपाईची आई लहान असताना तिचे वडील असे जाऊन आले होते. आता को राहिली नाही, पण कागद दरवर्षी बदलायचा म्हणून सेनपाई जाते. यंदा तिचं आणखी एक काम होतं. तिचा शिबा जातीचा कुत्रा चौदा वर्षांचा झालाय, मागचे पाय धरत नाहीत, त्याच्यासाठी वर प्रार्थना लावायची होती. "मी पण येऊ?" असं मी विचारलं तेव्हा तिला वाटलं, मला पानांचे रंग बघायचेत. मीही तेव्हा तसंच सांगितलं.

नोव्हेंबरच्या मध्यातला शनिवार ठरला. निशी-कासाईहून पहाटेच निघाले. तोझाई लाइनने नाकानो, तिथून चुओ लाइन, ओमेला गाडी बदलली. ओमेच्या पुढे रेल्वे एकदम वेगळी होते. डबे चारच, दरवाजे आपोआप उघडत नाहीत, शेजारचं बटण दाबावं लागतं, आणि खिडकीखालून तामा नदी सोबत चालते. मिताके स्टेशनवर उतरलेली जवळजवळ सगळीच माणसं बूट-काठ्या घेतलेली होती. तिथून दहा मिनिटांची बस, थांब्याचं नाव 'केबल-शिता', म्हणजे केबलखाली. मग एक अशी उभी चढण की बसमधली गप्पा मारणारी मंडळी एका मिनिटात गप्प झाली. वर ताकिमोतो स्टेशन. सेनपाई तिथे गाडी लावून थांबली होती, कुत्र्याला ब्लँकेटमध्ये गुंडाळून.

केबलकारमध्ये कुत्र्याचंही तिकीट काढतात. आमच्या डब्यात निदान सात-आठ कुत्री होती, स्वेटर घातलेली, बाळगाडीत बसवलेली, एक तर मांडीवर घोरत होतं. सगळे मिळून लांडग्याच्या देवाला निघालेले. रुळांचा चढ काही ठिकाणी २५ अंशांचा आहे. सहा मिनिटांत गाडी सव्वाचारशे मीटर वर नेते, ४०७ वरून ८३१ मीटरवर. मी खिडकीला नाक लावून बसले होते, लाल डोंगर बघायला. तो दिसला नाही. दिसले ते सुगी, म्हणजे इथले देवदारासारखे सरळसोट वृक्ष, गर्द हिरवे, ओळीने लावल्यासारखे. आणि ते लावलेलेच आहेत. युद्धानंतर जपानने लाकडासाठी डोंगरच्या डोंगर सुगी आणि हिनोकीने भरून काढले. ही झाडं पानगळीत रंग बदलत नाहीत. त्यामुळे पोस्टरवर दिसतो तसा सबंध लाल डोंगर इथे शोधू नये. रंग असतो तो वस्तीच्या आसपास, ओढ्याकाठी, देवळाच्या आवारात, जिथे माणसाने मोमिजी, म्हणजे जपानी मेपल राखलाय. मोमिजीचं पान आपल्या तळहाताएवढंही नसतं, पण उन्हाच्या दिशेला धरलं की त्याच्या शिरासुद्धा लाल दिसतात. केबलच्या वरच्या स्टेशनापाशी असाच एक होता, अर्धा लाल, अर्धा अजून हिरवा. त्याच्या मागे पूर्वेला सगळं कान्तोचं सपाट मैदान, आणि धुरकट कडेला तोक्योच्या इमारती.

तिथून देऊळ चालत पंचवीसेक मिनिटांवर. रस्ता सिमेंटचा, अरुंद, डोंगराच्या कुशीतून जाणारा, आणि मध्येच एक गाव लागतं. डोंगराच्या माथ्याला गाव असेल असं मला वाटलंच नव्हतं. ही घरं 'ओशीं'ची. आपल्याकडे तीर्थाच्या ठिकाणी क्षेत्रोपाध्ये असतात ना, पिढ्यान्‌पिढ्यांचे यजमान वहीत लिहून ठेवणारे, अगदी तसेच हे. हिवाळ्यात डोंगर उतरून गावोगाव हिंडायचं, लांडग्याचे कागद वाटायचे, धान्य-पैसा आणायचा. आणि यजमान डोंगरावर आले की त्यांना घरी उतरवून घ्यायचं, आंघोळ, जेवण, पूजा सगळं बघायचं. आजही त्यातली कित्येक घरं यात्रेकरूंना खोल्या देतात, आणि घरमालक सकाळी पुजाऱ्याचे कपडे करून देवळात जातो. एका घराचं छप्पर जाड गवताचं होतं. आमच्या जुन्या घरावर असंच होतं, फक्त त्याची जाडी इतकी नव्हती. मी तिथे इतका वेळ उभी राहिले की कुत्रा कंटाळून खाली बसला.

पुढे वळणावर एक केयाकीचं झाड आहे, हजार वर्षांचं मानतात. त्याच्या बुंध्याला गाठी अशा आल्यात की जणू आतून कुणी मुठी मारल्या असाव्यात. ते ओलांडलं की खाण्याच्या दुकानांची गल्ली, सोबा म्हणजे कुट्टूच्या शेवया, कोन्याकु म्हणजे कंदाच्या वड्या, आमाझाके म्हणजे तांदळाचं गरम गोड पेय, आणि मग तोरी, देवळाची कमान.

तोरीपाशी सेनपाई थांबली, वाकली, आणि वाटेच्या कडेने चालू लागली. मधली वाट देवाची, आपण बाजूने जायचं. मग पाण्याची डोणी. हात धुण्याची रीत तिने मला दोनदा करून दाखवली. उजव्या हातात ओगराळं घेऊन डाव्या हातावर पाणी, मग डाव्यात घेऊन उजव्यावर, परत उजव्यात घेऊन डाव्या तळहातावर थोडं ओतून त्याने चूळ भरायची, ओगराळं तोंडाला लावायचं नाही. पुन्हा डावा हात. आणि शेवटी ओगराळं उभं धरायचं, म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळून दांडा धुऊन निघतो, पुढच्या माणसासाठी. हे सगळं एकाच ओगराळ्याच्या पाण्यात. आम्हा माणदेशातल्या माणसाला पाणी पुरवून वापरायला कुणी शिकवायची गरज नाही, पण तो दांडा धुण्याचा भाग मला फार आवडला. पाणी बर्फासारखं होतं. बोटं नंतर बराच वेळ लाल.

वर जायला ३३० पायऱ्या. दोन्ही बाजूंनी दगडी शिळा उभ्या आहेत, एकेक माणसापेक्षा उंच, त्यांवर कोंची नावं: अमुक गावची को, तमुक वाडीची को, देणगीदारांची यादी. जेजुरीच्या पायऱ्यांवर नावं वाचत चढायची मला सवय होती, इथे अक्षरं नीट लागत नव्हती तरी मी तशीच एकेक शिळा बघत चढले. काही पायऱ्यांच्या दगडात राक्षसाचे चेहरे कोरलेत. सेनपाईने पायाने दाखवले. त्यांच्यावर पाय देऊन वर जायचं. एकाचं नाक लोकांच्या बुटांनी झिजून गुळगुळीत झालंय.

साठ-सत्तर पायऱ्यांनंतर कुत्रा बसला तो उठेना. सेनपाईने उचललं, पण तिचा श्वास फुलला. मी म्हटलं, द्या इकडे. मी त्याला खांद्यावर घेतलं, मानेमागून, पुढचे दोन पाय एका हातात आणि मागचे दोन दुसऱ्या. कोकरू चालेनासं झालं की आमच्यात असंच घेतात. दोन्ही बाजूंना वजन सारखं पडतं आणि जनावरालाही आधार वाटतो. तो आधी ताठ झाला, मग त्याने हनुवटी माझ्या खांद्यावर टेकली आणि गप्प राहिला. नाक थंड, श्वास गरम. वरून उतरणाऱ्या एक आजी थांबून हसल्या, म्हणाल्या, "भारी नशीबवान आहे हो." सेनपाई मागून विचारत होती, हे कुठे शिकलीस? चार वर्षांत मी तिला घरी मेंढरं आहेत एवढंच सांगितलं होतं. त्या पायऱ्यांवर बाकीचं सांगितलं. दिवाळीनंतर बिऱ्हाड घोड्यावर घालून कोकणात उतरणं, शेतात मेंढरं बसवणं, रात्री वाघर लावणं म्हणजे जाळीचं कुंपण करणं, कुत्र्यांच्या गळ्यातले लोखंडी काट्यांचे पट्टे. "काटे कशाला?" तिने विचारलं. मी म्हटलं, लांडगा गळ्याला धरतो म्हणून.

ती काही बोलली नाही.

वरचं देऊळ शेंदरी रंगाचं आहे. नाव मुसाशी मिताके जिंजा, जिंजा म्हणजे शिंतो देऊळ, उंची ९२९ मीटर. पूर्वी याचं तोंड दक्षिणेकडे होतं. १६०६ मध्ये तोकुगावा इएयासू या सत्ताधीशाने ते पूर्वेकडे फिरवलं, एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या दिशेला, म्हणजे देवाने त्याच्या नव्या राजधानीवर नजर ठेवावी. आजचं पुढचं सभागृह १७०० सालचं. अंगणात किमोनो घातलेली लहान मुलं इकडून तिकडे धावत होती. तीन, पाच आणि सात वर्षांच्या मुलांना नोव्हेंबरात देवाला आणतात, तो सणच आहे. सेनपाईने खिडकीवर जाऊन प्रार्थनेचा अर्ज भरला: कुत्र्याचं नाव, वय, मालकाचं नाव, पत्ता. मग ती कुत्र्याला घेऊन गेली आणि मी बाहेर थांबले.

आतून आधी मोठ्या ढोलाचे ठोके आले, छातीत बसतील असे. मग पुजाऱ्याचा आवाज, स्वर ओढत, चढ-उतार फार नाही. नोरितोची, म्हणजे पुजारी म्हणतो त्या प्रार्थनेची भाषा जुनी असते, मला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि अचानक कळलं: ओमे शहर, अमुक मोहल्ला, अमुक नंबर. तो पत्ता वाचत होता! आपल्याकडे संकल्पात भटजी नाव, गोत्र, गाव सांगतात, तसा इथे देवाला घर नंबरापर्यंत ठिकाण सांगतात, की बाबा, इथे राहतो हा कुत्रा, चौदा वर्षांचा, ह्याच्या पायांकडे बघ. माझे डोळे भरून आले. कुणाचं तरी म्हातारं जनावर, त्याचं नाव असं मोठ्याने, आदराने, देवापुढे घेतलं जात होतं.

नमस्काराची रीत सोपी: पेटीत नाणं टाकायचं, दोनदा वाकायचं, दोनदा टाळी, मनातलं सांगायचं, पुन्हा एकदा वाकायचं. नाणं बहुतेक लोक ५ येनचं टाकतात, कारण पाच येनला 'गो-एन' म्हणतात आणि गोएन म्हणजे ऋणानुबंध. मी तेच टाकलं. पण मला जिथे जायचं होतं ते हे नव्हतं.

मुख्य देवळाच्या मागच्या बाजूला एक लहान देऊळ आहे, ओगुची-मागामी. ओगुची म्हणजे मोठं तोंड, मागामी म्हणजे खरा देव. मोठ्या तोंडाचा खरा देव. लांडग्याला जपानीत ओओकामी म्हणतात, आणि 'मोठा देव' हेही उच्चारात ओओकामीच. कथा अशी सांगतात की यामातो ताकेरु नावाचा राजपुत्र पूर्वेच्या मोहिमेवर असताना ह्याच डोंगरात एका दुष्ट शक्तीने मोठ्या पांढऱ्या हरणाचं रूप घेऊन त्याची वाट अडवली. त्याने ते मारलं, तेव्हा डोंगर हादरला आणि धुक्याने सगळं सैन्य वाट चुकलं. तेवढ्यात एक पांढरा लांडगा आला आणि पुढे चालून त्यांना बाहेर घेऊन गेला. राजपुत्र म्हणाला, तू ह्याच डोंगरावर राहा आणि वाईटापासून राखण कर. देवळाच्या मागे उभं राहिलं की समोर ओकुनोइनचं शिखर दिसतं, टोपी ठेवावी तसं टोकदार. कथा घडली ती तिकडे.

वाचकहो, ही कथा एकदा पुन्हा नीट बघा. वाईट कोण आहे? हरीण. वाट दाखवणारा कोण? लांडगा. मी लहानपणापासून ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीत हे उलटं होतं.

देवळापुढे दगडी लांडग्यांची जोडी. अशा जोड्यांना इथे आ-उन म्हणतात, एकाचं तोंड उघडं, दुसऱ्याचं मिटलेलं. आपल्याच संस्कृतातले 'अ' आणि 'हूं', बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे इथवर आलेले. मी उघड्या तोंडाच्या लांडग्यासमोर उभी राहिले. दगडावर शेवाळ, एका कानाजवळ मोमिजीचं पान अडकलेलं. बरगड्या कोरलेल्या, सुळे कोरलेले. शिल्पकाराने त्याला कुठेही गोजिरवाणा केला नव्हता. तो लांडगाच होता.

आता हे सांगते. मी जन्मायच्या आधी, एका चैत्रात, एका रात्रीत आमची अकरा मेंढरं पडली. सकाळी आबा आणि आणखी दोघं माग काढत गावाबाहेरच्या ओघळीपर्यंत गेले. तिथे बीळ होतं. त्यांनी कडब्याची पेंढी पेटवून बिळाच्या तोंडाशी धरली आणि वर दगड रचले. आत पिल्लं होती. पेंढी आप्पांच्या हातात होती, ते तेव्हा बारा वर्षांचे. हे आप्पांनी मला एकदाच सांगितलं, मी तोक्योला निघाले त्याच्या आदल्या रात्री, का ते मला आजही माहीत नाही. कायद्याने तेव्हाही लांडगा मारणं गुन्हाच होतं, पण आमच्या माळावर कायदा कुणाला ठाऊक? अकरा मेंढरं म्हणजे घरचं वर्षाचं मीठमिरची होतं, आणि भरपाई मागायला कुठे जायचं हेही कुणाला माहीत नव्हतं. आबांना मी दोषी धरू शकत नाही. पण पिल्लंही विसरू शकत नाही.

दोनदा वाकले, दोन टाळ्या वाजवल्या आणि मराठीत सांगितलं. आबांचं नाव, गावाचं नाव, तालुका माण, जिल्हा सातारा. पत्ता नीट सांगितला.

जपानात दुपारचा एक म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेनऊ. आप्पा मेंढरं घेऊन निघालेले असणार. मी तिथूनच, शिखराकडे तोंड करून फोन लावला.

"आप्पा, मी लांडग्याच्या देवळात आले."

"कुणाच्या?"

"लांडग्याच्या. इथं त्याची पूजा करतात. दाराला त्याचं चित्र लावतात."

पलीकडे मेंढरांचा आवाज आणि वारा. मग म्हणाले, "तिकडं बकरी न्हाईत व्हय?"

"नाहीत. पहिल्यापासून नव्हती. शेती करायचे लोक."

"आन् शेतात नुसकान कोन करतं?"

"हरणं. रानडुकरं."

"आन् त्यो त्यास्नी धरतो." ते थोडं थांबले. "आपल्याकडं बी जवारीवाला त्याला कवा शिव्या देत न्हाई. आमीच देतो."

वर्षभर मी हे वाचत होते, विचार करत होते, आणि त्यांनी ते तीन प्रश्नांत पकडलं. जपानचे डोंगराळ शेतकरी हरीण आणि डुकरांनी हैराण असायचे, लांडगा त्यांच्या पिकाचा राखणदार होता, म्हणून तो देव. उत्तरेकडे जिथे घोड्यांची पैदास व्हायची तिथे मात्र याच देशात त्याला आधीपासून मारत.

मग मी सांगितलं, "आप्पा, मी आबांचं नाव घेतलं इथं."

बराच वेळ काही नाही. मला वाटलं रेंज गेली.

"आन् माझं?"

"तुमचं नाही घेतलं. तुम्ही बारा वर्षांचे होता."

"पेंढी माझ्या हातात हुती," ते म्हणाले, आणि मग, "ठेवतो, बकरी रानात शिरत्यात."

दुपारी गल्लीतल्या एका दुकानात सोबा खाल्ला. कुत्रा टेबलाखाली झोपला. सेनपाईला मी सगळं सांगितलं, बिळाचंही. तिने मान खाली घालून ऐकलं आणि मग म्हणाली, आमच्याकडे तर एकही उरला नाही. जपानी लांडगा शेवटचा सापडला तो १९०५ च्या जानेवारीत, नारा प्रांतातल्या हिगाशी-योशिनो गावात. शिकाऱ्यांनी मारून आणलेला, एका अमेरिकन संग्राहकाने तो विकत घेतला, त्याचं कातडं आज लंडनच्या संग्रहालयात आहे. पिसाळण्याचा रोग, बंदुका, तोडलेली जंगलं, सगळ्यांनी मिळून संपवला. होक्काइदोचा लांडगा तर त्याही आधी गेला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मेइजी सरकारने तिथे, जपानच्या उत्तरेकडच्या बेटावर, घोड्यांची मोठी कुरणं काढली, एडविन डन नावाचा अमेरिकन सल्लागार आणला, आणि त्याने मांसात स्ट्रिक्नाइन घालून ते विष माळावर टाकलं. म्हणजे कळप आले आणि देवाचं पुन्हा "जनावर" झालं, काही वर्षांत. सेनपाईने हे सगळं शाळेत शिकलं नव्हतं. कुत्रा पाळल्यावर तिने स्वतःहून वाचलं.

आणि आता हरणं इतकी झालीत की ह्याच ओकुतामाच्या डोंगरांत झाडांच्या बुंध्यांना जाळ्या गुंडाळाव्या लागतात, नाहीतर सालं सोलून खातात. जानेवारीच्या ३ तारखेला ह्या देवळात हरणाच्या खांद्याचं हाड विस्तवावर भाजतात आणि त्याला तडे कुठे जातात ते बघून वर्षाचं पीकपाणी सांगतात. कोणतं धान्य कसं येईल, सगळं. हरीण तिथेही आहेच, पण ज्याने त्याला धरायचं तो फक्त दगडात आणि कागदावर उरलाय. आमच्याकडे तो अजून जिवंत आहे. सासवड-जेजुरीच्या माळावर, बारामतीकडे, सोलापूरकडे, माणात. खंडोबाच्या डोंगराखाली तो फिरतो. ह्या गोष्टीचं इतकं मोल मला सोब्याच्या त्या वाडग्यासमोर पहिल्यांदा कळलं.

रॉक गार्डन म्हणून शेवाळलेल्या दगडांची एक घळ पुढे आहे, धबधबे आहेत, रंग तिथे सर्वात चांगले असतात म्हणे. कुत्र्यामुळे आम्ही गेलो नाही. नोव्हेंबरात साडेचारला सूर्य बुडतो, आणि सुगीच्या रानात त्याच्याही आधी अंधार पडतो.

निघण्याआधी कागद घ्यायचा होता. मी खिडकीवर "हा विकत हवा" अशा अर्थाचं काहीतरी बोलले, तर सेनपाईने हळूच दुरुस्त केलं. इथे विकत घेत नाहीत, 'स्वीकारतात'. पैसे देतो ते मूल्य नाही, वाहणं आहे. पांढऱ्या कपड्यातल्या मुलीने दोन्ही हातांनी पाकीट पुढे केलं, मी दोन्ही हातांनी घेतलं. आत तोच काळा लांडगा, सेनपाईच्या आईकडे पाहिलेला, पण शाई ताजी. कुठे लावायचा ते तिने सांगितलं: दाराशी, डोळ्यांच्या पातळीच्या वर, आणि वर्षाने इथे परत आणून द्यायचा. जुना कागद टाकून द्यायचा नाही, देवळात तो विधीने जाळतात, मग नवा मिळतो.

उतरताना कुत्रा स्वतःच्या पायांनी चालला. प्रार्थनेमुळे की उतारामुळे ते मी सांगत नाही. सेनपाई मात्र तीनदा म्हणाली, बघ, बघ, चालतोय.

घरी पोचायला साडेआठ झाले. कागद दाराच्या आतल्या बाजूला लावला. भाड्याचं घर, खिळा ठोकता येत नाही, म्हणून कागदी टेपने. साडेनऊला आप्पांचाच फोन आला, ते सहसा स्वतःहून करत नाहीत. तिकडे सहा वाजले होते, दिवस नुकताच मावळला होता.

"त्यो कागद घेतलास का, त्याचा?"

"घेतला, आप्पा. दाराला लावला."

"आन् पुढं काय करत्यात त्याचं?"

मी सांगितलं, वर्षाने डोंगरावर परत न्यायचा.

"मंग परत द्याया मी येतो. आणि किती पायऱ्या म्हनलीस?"

"तीनशे तीस."

"हुतंय."

आप्पांनी आजवर विमान जवळून पाहिलेलं नाही. पासपोर्ट नाही, जन्माचा दाखला नाही, चौथीपर्यंतची शाळा. रविवारी मी माझ्या धाकट्या भावाशी बोलले, तो सोमवारी शाळेत जाऊन विचारणार आहे, शाळा सोडल्याचा दाखला जुन्या रजिस्टरात सापडतो का.